कंद लावला, पानं आली, फूल नाही: आधी कॅलेंडर बघा

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माझी छोटी नर्सरी आहे. श्रावण लागला की माणसं प्लास्टिकच्या पिशवीत सडका कंद घेऊन यायला लागतात. दिवाळीनंतर दुसरी तुकडी येते. त्यांच्या मोबाईलमध्ये हिरव्यागार पानांचे फोटो असतात आणि तक्रार एकच, "वहिनी, सहा महिने झाले, फूल कुठंय?" दोन्ही तुकड्या खतच मागतात. खत विकण्यात माझा फायदा आहे, तरी सांगते, बहुतेक वेळा चूक तारखेची असते. कंद जागा व्हायच्या वेळी मातीत गेलेला नसतो, नाहीतर झोपायच्या वेळी त्याला कुणी झोपू दिलेलं नसतं.

आधी तुमच्याकडे नेमकं काय झालंय ते बघा.

- पानं भरपूर, फुलाचा दांडा नाही: तपासणी 1, 3, 4.
- काहीच उगवलं नाही, पण उकरल्यावर कंद कडक आणि जड: तपासणी 1, 2, 5.
- उगवलं नाही, कंद मऊ, आंबूस वास: तपासणी 1, 6.
- पहिल्या वर्षी फुललं, नंतर दरवर्षी कमी कमी: तपासणी 7.
- पानांची टोकं जळल्यासारखी, मातीवर पांढरा थर: तपासणी 8.
- पान ओढलं तर बुडापासून हातात येतं, किंवा पानांवर फिकट पट्टे: सरळ तपासणी 9.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे, फुकटाकडून खर्चाकडे असा लावलाय. मधल्या पायऱ्या गाळून थेट औषध फवारू नका.

1. तारीख

आपल्या भागात हे समजावणं तसं सोपं आहे, कारण हळद सगळ्यांना माहीत आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास बेणं मातीत जातं, माघ-फाल्गुनात पाला वाळला की काढणी. श्रावणात हळद लावायला कुणी निघाला तर गावात त्याची चेष्टा होईल. पण तोच माणूस श्रावणात निशिगंधाचे कंद घेऊन येतो, कारण पाऊस झालेला असतो, माती मऊ असते आणि बागेत काहीतरी करावंसं वाटत असतं.

कंद म्हणजे झाडाची शिदोरी. जागं होताना झाड त्या शिदोरीवर चालतं आणि पानं आल्यावर पुढच्या वर्षाची नवी बांधून ठेवतं. जागं व्हायला ऊब आणि ओल लागते. तयारी नसलेल्या कंदाला नुसती ओल मिळाली तर तो कुजतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: कधी लावला होता?

निशिगंध, ज्याला आपण गुलछडी म्हणतो, तो मूळचा मेक्सिकोचा. त्याला ऊन आणि उष्णता आवडते. मार्च ते मे लावायचा, शक्यतो रोहिणी निघायच्या आत, म्हणजे मृगाचा पाऊस येईपर्यंत मुळं धरलेली असतात. फुलायला तीन ते चार महिने घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलात तर वाढायच्या वयात थंडी येते आणि झाड नुसत्या पानांवर बसून राहतं. ते बिघडलेलं नाही, उशिरा आलंय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा.

ग्लॅडिओलसचं उलटं. त्याला पुढची थंडी हवी. हत्तीचा पाऊस सरला, जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की लावायचा, दसऱ्याच्या आसपास. बहुतेक जाती अडीच ते तीन महिन्यांत दांडा देतात, त्यामुळे दसऱ्याचा कंद संक्रांतीच्या आगेमागे फुलतो. सगळे एकदम लावू नका. पंधरा पंधरा दिवसांनी थोडे थोडे, नोव्हेंबर संपेपर्यंत लावले तर फेब्रुवारीपर्यंत घरात फुलं राहतात. फेब्रुवारीत लावलेल्याचा दांडा नेमका एप्रिलच्या उन्हात सापडतो आणि कळ्या टोकाकडून वाळत जातात. त्यावर औषध नाही.

पावसाळी लिली, ती गुलाबी-पांढरी-पिवळी, वळवाच्या पावसानंतर चार दिवसांत एकदम डोकं वर काढणारी, मेअखेर किंवा जूनमध्ये लावा. तिला कोरड पडून मग भिजणं हवं असतं. वर्षभर नळीने रोज पाणी देणाऱ्यांकडे ती गवतासारखी वाढते आणि फुलत नाही. एप्रिलमध्ये तीन आठवडे पाणी तोडा, मग एकदा भरपूर द्या. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे आणि लोकांना तोच सर्वांत अवघड जातो. झाडाला तहानलेलं ठेवायला मन होत नाही.

बाकीच्यांचं पटकन सांगते. फुटबॉल लिली, जिला आपल्याकडे मे फ्लॉवरही म्हणतात, मार्च-एप्रिलमध्ये. थंडीत तिची पानं जातात, कुंडी रिकामी दिसते, आणि घरातलं कुणीतरी ती माती दुसरीकडे ओततं. कुंडीवर नाव लिहून ठेवा. सोनटक्का आणि कर्दळ मेअखेर. कळलावी जूनच्या सुरुवातीला. अमरेलिस डिसेंबर-जानेवारीत, फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला. डेलिया सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. श्रावण आणि भाद्रपदात नवा कंद जमिनीत घालू नका, एवढं पाळलंत तरी माझ्याकडची निम्मी गर्दी कमी होईल.

2. हा कंद इथला आहे का?

दरवर्षी कुणीतरी ऑनलाइन ट्युलिपचे कंद मागवतं. पाकिटावर फोटो सुंदर असतो. ट्युलिपच्या कंदाला साधारण बारा ते सोळा आठवडे फ्रिजइतका गारवा सलग लागतो, त्याशिवाय आतला दांडा लांबत नाही. श्रीनगरला 2007 पासून ट्युलिपची मोठी बाग आहे आणि ती मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलते, कारण तिथला हिवाळा हे काम फुकटात करतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे शाल लागली तरी दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो.

हौस असेल तर कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवा आणि डिसेंबरअखेर कुंडीत लावा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. इतकं करून फूल एकदाच येतं, पुढच्या वर्षी तो कंद उपयोगाचा राहत नाही. मी स्वतः एकदा केलं, सात कंदांतून दोन फुलं आली. परत केलं नाही. अशी हौस आपल्याकडे न करणंच बरं, असं माझं मत झालंय.

ग्लॅडिओलसबद्दलही याच वेळी विचारून घ्या की कंद ताजा काढलेला आहे की शीतगृहातून आलाय. ताजा काढलेला ग्लॅडिओलस दोन-तीन महिने काहीही केलं तरी उगवत नाही. कडक, निरोगी, आणि ढिम्म. विकणाऱ्याने फसवलं असं वाटतं, पण तो नुसता झोपलेला असतो. टोकाला कोंबाचा ठिपका फुगलेला दिसला की लावा.

3. ऊन मोजा

एका रविवारी दर तासाला जाऊन बघा. निशिगंध आणि ग्लॅडिओलसला रोज निदान सहा तास सरळ ऊन पाहिजे. विश्रामबागेतल्या एका काकूंचा वाफा दहा वर्षं छान फुलायचा आणि मग एका वर्षी बंद. माती बदलली, खत बदललं. शेवटी मी जाऊन बघितलं तर शेजाऱ्यांनी दुसरा मजला चढवला होता. त्या जागी आता फुटबॉल लिली आहे. तिला अर्धी सावली चालते.

4. कात्री आणि युरिया बाजूला ठेवा

फूल संपलं की पानं कापून "स्वच्छ" करायची सवय अनेकांना आहे. पान हिरवं आहे तोवर ते कंद भरत असतं. अमरेलिसचं तर गणितच आहे: साधारण चार पानांमागे आत एक दांडा घडतो, तोही फुलायच्या कितीतरी आधी. पानं कापलीत की पुढच्या वर्षीचा दांडा कापलात. फुलाचा वाळलेला दांडा काढा, पान आपणहून पिवळं पडू द्या.

युरियाचंही तसंच. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं. लॉनला युरिया टाकताना कडेच्या वाफ्यात मूठभर पडतो, तेवढाही पुरे होतो. ताजं शेण कंदाजवळ कधीच नको. कुजलेलं, वास गेलेलं शेणखत लावणीआधी मातीत मिसळा आणि मग हात आवरा.

5. एक कंद उकरून बघा

सगळे नव्हे, एकच, कडेचा. खुरप्याने लांबून उकरा. अंगठ्याने दाबा, नख लावू नका. कडक असेल तर खोली आणि दिशा तपासा. निशिगंधावर चार-पाच सेंटिमीटर माती पुरते, ग्लॅडिओलसवर पाच ते सात. अमरेलिसची मान मातीच्या वर हवी. ती गाडली तर तिथे पाणी साचून कंद वरून सडत येतो. ग्लॅडिओलसचा चपटा, खळगा असलेला भाग खाली जातो. उलटा लावला तरी बहुधा उगवतो, पण वळसा घेऊन येतो आणि त्यात दिवस जातात. कळलावीचा कंद कोनासारखा दोन शिंगांचा असतो आणि आडवा ठेवायचा. त्याच्या टोकावरचा कोंब मोडला की ते शिंग गेलं, म्हणून घरी आणताना पिशवीत इतर सामानाखाली दाबू नका.

इथे एक गंभीर गोष्ट. कळलावी विषारी आहे, सगळीच, आणि कंद सर्वांत जास्त. अमरेलिस, पावसाळी लिली आणि नार्सिससचे कंद कांद्यासारखे दिसतात आणि तेही पोटात जाता कामा नयेत. स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. लहान मुलाने किंवा कुणीही चावून खाल्लं तर उलटी, जुलाब सुरू होण्याची वाट न बघता उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा. घरगुती उतारा करत बसू नका.

6. पाणी मुरतं का?

कृष्णाकाठची काळी माती पिकाला सोनं आहे, कंदाला नाही. आणि ही तपासणी लोक मे महिन्यात करतात, तिथेच फसतात. मेमध्ये काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की घटाघट पिते आणि माणूस म्हणतो, निचरा उत्तम आहे. हीच माती जुलैत भिजून फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी उतरायला वाटच राहत नाही.

म्हणून खड्डा फूटभर खोल करा, संध्याकाळी भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा. आता घड्याळ लावा. दुपारच्या जेवणापर्यंत पाणी उतरलं तर ठीक. संध्याकाळीही तळाशी पाणी दिसत असेल तर तिथे कंद पावसाळा काढणार नाही, मग तारीख कितीही अचूक असो.

उपाय गादीवाफ्याचा. वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी चर, चराला उतार. काळ्या मातीत नुसती वाळू ओतू नका. थोड्या वाळूने चिकण माती आणखी घट्ट बसते. त्याऐवजी उसाचं कुजलेलं पाचट, शेणखत, भाताचं तूस. पाचट आपल्याकडे मागेल तेवढं मिळतं, लोक अजूनही ते पेटवतात ही वेगळी रड. कुंडीत असेल तर भोक बंद झालंय का बघा आणि खालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवा.

2019 च्या महापुरात आमच्या मागच्या अंगणात पाणी काही दिवस उभं होतं. ओसरल्यावर निशिगंधाचा एक कंद धड निघाला नाही, कर्दळ मात्र गाळातून पुन्हा वर आली. त्या सखल कोपऱ्यात मी आता फक्त कर्दळच लावते.

7. काढून, वाटून, पुन्हा लावणं

याला अर्धा दिवस आणि कंबर लागते. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या भोवती पिल्लं सुटतात आणि पुढची फुलं ती देतात. तीन वर्षांत वाफ्यात इतकी पिल्लं होतात की कुणालाच पोट भरायला जागा उरत नाही. पानांचा घोस होतो आणि दांडे बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तोडा, पानं पिवळी पडू द्या, मग काढा. सुपारीएवढे आणि त्याहून मोठे कंद लावणीला ठेवा. बारीक पिल्लं वेगळ्या वाफ्यात वाढवा, त्यांच्याकडून यंदा फुलाची अपेक्षा नको. हळदीचं बेणं निवडताना जेठे, म्हणजे मधले मोठे गड्डे बाजूला काढतात, ते उगीच नाही.

काढलेले कंद चार ते सहा आठवडे सावलीत, हवेशीर, एका थरात पसरून ठेवायचे. माझी इथली पहिली मोठी चूक याच ठिकाणची. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल लहानपणापासून ऐकलेलं, जमिनीखालच्या त्या बंद खोल्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. मी निशिगंधाचे कंद पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. महिन्याने डबा उघडला तर वासाने मागे सरले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पेवात जाते ती शिजवून वाळवलेली हळद. ती मेलेली असते. बेणं कधी कुणी पेवात ठेवलंय? ते झाडाखाली सावलीत असतं." जिवंत कंद श्वास घेतो. गोणपाट, बांबूची टोपली, जाळीची कांद्याची पिशवी, काहीही चालेल, फक्त झाकण नको.

8. माती आणि पाण्याची चाचणी

इथवर सगळं तपासून झालं आणि तरी झाड खुरटलेलंच असेल तर पैसे खर्च करायची वेळ आली. मिरज, पलूस, वाळवा भागात अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी सगळ्यांनी पाहिल्यात. घराच्या बागेतही बोअरच्या पाण्याने तेच होतं, फक्त लहान प्रमाणात. मातीवर पांढरी पापडी येते आणि पानांची टोकं तपकिरी होतात. बाहेरच्या पाण्यातच क्षार जास्त असले की मुळांना भोवती ओल असून ते ओढून घेता येत नाही.

मृद चाचणी प्रयोगशाळेत माती आणि पाणी दोन्ही द्या. नुसती माती देऊन उपयोग नाही. सामू (म्हणजे पीएच) आणि क्षारता हे दोन आकडे आधी बघा. कुंडीत माती बदलून आणि पावसाचं पाणी साठवून काम भागतं. अंगणाची जमीनच क्षारपड निघाली तर जिप्समच्या गोण्या स्वतःच्या मनाने ओतू नका. साचलेला क्षार धुऊन बाहेर जायला खालून निचरा लागतो आणि तो कसा काढायचा हे कृषी विभागाच्या माणसाने जागा बघूनच सांगावं लागतं.

9. इथे हात थांबवा

पुढच्या चारपैकी काहीही दिसलं तर घरचे प्रयोग बंद करा.

बुडाशी पांढरी बुरशीची जाळी आणि त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे. ही खोडकूज. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे तिथे नवे कंद लावणं म्हणजे तिला जेवण वाढणं. ग्लॅडिओलसची पानं बाहेरून पिवळी पडत जाऊन कंद कापल्यावर आतून तपकिरी दिसला तर तो मर रोग. तोच कंद पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. निशिगंधाची शृंगार ही बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची जात त्यांना बऱ्यापैकी दाद देत नाही, पण आधी तो सूत्रकृमीच आहे ना, हे जाणकाराने सांगू दे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीच्या औषधाने फक्त दुकानदाराचं भलं होतं.

पानांवर फिकट हिरवे-पिवळे पट्टे आणि फुलांवर रंग फुटल्यासारखे डाग असतील तर बहुधा विषाणू. त्याला औषधच नाही. झाड कंदासकट उपटून जाळा, कंपोस्टात टाकू नका, आणि ती कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

तुमच्या भागातला सहायक कृषी अधिकारी (आधी याला कृषी सहायक म्हणायचे) किंवा तालुका कृषी कार्यालय ही पहिली पायरी. कंदकुजीची ओळख असलेली माणसं कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात आहेत, कारण तिथे हळदीवरच काम चालतं. नुसता फोटो नेऊ नका. अर्धं आजारी, म्हणजे पूर्ण मेलेलं नाही असं एक झाड मुळांसकट, भोवतीच्या ओंजळभर मातीसह वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत दोन तासांत सगळंच सडतं आणि मग रोग कुठला, पिशवीची वाफ कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. सोबत एका चिठ्ठीवर लावणीची तारीख लिहा. तिथेही पहिला प्रश्न तोच विचारतील.